घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करताना: लिनक्सवरचा आवाजाचा विलंब कसा कमी करावा

विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आणि धडधाकट चालणारे कितीतरी संगणक 'जुने' ठरले. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत, घरांच्या कोपऱ्यांत असे डेस्कटॉप आणि लॅपटॉप झाकून ठेवलेले दिसतात. चार कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, आणि विंडोज ११ घेत नाही एवढाच काय तो दोष. आपल्या जिल्ह्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची तर कधीच वाण नव्हती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी मंडळं आहेत, एप्रिल जवळ आला की भीमगीतं बसवणारे गट आहेत, होळीला लेंगी गाणारे तांडे आहेत, पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणणारे आहेत. यातलं फारच थोडं नीट ध्वनिमुद्रित झालं आहे. मोबाइलवर धरलेलं रेकॉर्डिंग आठवण म्हणून ठीक. पण पेटी वेगळी, खंजिरी वेगळी, आवाज वेगळा असं ट्रॅकवार घेतलेलं ध्वनिमुद्रण हाती असेल, तरच पुढे त्याचं काही करता येतं.

असा पडून असलेला संगणक लिनक्स टाकून या कामाला जुंपता येतो. मात्र पहिल्याच दिवशी एक अडचण समोर येते. हेडफोन लावून माइकसमोर गायला बसलं की स्वतःचा आवाज कानात मागून येतो. तो थांबवायला सेटिंग कमी करावी, तर आवाजात टक-टक, चर्रर्र सुरू होतं. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. तसं करायचं कारण नाही. हा दोष बहुतेक वेळा संगणक कमजोर असल्याचा नसतो, त्याची घडी बसलेली नसल्याचा असतो.

विलंब येतो कुठून

संगणक आवाज एकेका नमुन्याने हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. पांढरकवड्याला जाणारी काळी-पिवळी सीटा भरल्याशिवाय सुटत नाही, तसं बफर भरल्याशिवाय आवाज पुढे सरकत नाही. गाडी लहान घेतली तर लवकर सुटेल, पण ड्रायव्हरला फेऱ्या जास्त पडतील आणि एखाद्या फेरीला तो चहाला थांबला की प्रवासी रस्त्यावर. ध्वनिमुद्रणात त्या चुकलेल्या फेरीला 'एक्सरन' म्हणतात आणि कानाला ती 'टक' अशी ऐकू येते.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एक गठ्ठा भरायला २१.३ मिलिसेकंद लागतात. २५६ ला ५.३, १२८ ला २.७ आणि ६४ ला १.३ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा ही वाट बघावी लागते. शिवाय माइक ज्यातून संगणकाला जोडतो त्या इंटरफेसचा आणि यूएसबीचा स्वतःचा वेळ असतो. त्यामुळे माइकपासून हेडफोनपर्यंतचा पूर्ण फेरा गठ्ठ्याच्या दुपटीहून नेहमीच जास्त भरतो.

किती विलंब चालतो? हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे मंडपात तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसलेल्या खंजिरीवाल्याची थाप तुम्हाला एरवीही दहा मिलिसेकंद उशिराच ऐकू येते आणि त्याने भजन मोडत नाही. दहापर्यंत बहुतेकांना अडत नाही, पंधरा-वीसच्या पुढे वाजवणाऱ्याचा हात जड होऊ लागतो. खंजिरी, ढोलकी, नगारा वाजवणाऱ्याला हे सगळ्यात आधी जाणवतं, कारण थापेला सुरुवातीचा काठ धारदार असतो. पेटीवाला थोडं जास्त सहन करतो. गायकाची गोष्ट आणखी निराळी. त्याला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे मिलिसेकंद कमी असले तरी दोन आवाज एकमेकांत मिसळून पोकळ वाटतात.

म्हणून माझा पहिला सल्ला सेटिंगचा नाहीच. आधी विचारा, विलंब कमी करण्याची गरज खरंच आहे का? यूएसबी इंटरफेसवर बहुधा 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला मिळतो आणि विलंब जवळजवळ शून्य होतो. मग बफर खुशाल १०२४ ठेवा, एकही टक येणार नाही. गायकाला कानात थोडा घुमारा हवा असेल, तर फक्त घुमारा संगणकातून द्या आणि कोरडा आवाज थेट इंटरफेसमधून. घुमारा वीस मिलिसेकंद उशिरा आला तर कोणाला कळत नाही, उलट बरा वाटतो. भजनी मंडळाच्या नव्वद टक्के कामाला एवढं पुरतं. विलंब खरा कमी करावा लागतो तो मिडी कीबोर्डवरून संगणकातलं वाद्य वाजवायचं असेल, गिटार संगणकातल्या इफेक्टमधून ऐकायची असेल, किंवा इंटरफेसला ही सोयच नसेल तेव्हा.

काय घ्यावं, काय घेऊ नये

संगणकाच्या आतलं साउंडकार्ड शिकायला चालेल, पण दोन माइक लागले की यूएसबी इंटरफेस घ्यावा लागतो. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: 'हा क्लास-कंप्लायंट आहे का?' ज्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही तो बहुधा लिनक्सवर लावताक्षणी चालतो. फोकसराइटचे स्कार्लेट आणि बेहरिंगरचे यूएमसी मालिकेतले इंटरफेस लिनक्सवर बरेच लोक वापरतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामातून बाद. त्यांचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि कोणत्याही सेटिंगने तो भरून निघत नाही.

पैसे कुठे घालावेत याबद्दल माझं मत ठाम आहे: आधी इंटरफेस, मग माइक, मग रॅम. एसएसडीने संगणक चपळ होतो, पण रेकॉर्डिंगला तिच्या वेगाची गरज नसते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो. आठ ट्रॅक एकदम घेतले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. जुनी हार्डडिस्कही हे काम करते.

लिनक्सचा कोणता अवतार घ्यावा? नवख्याने उबुंटू स्टुडिओ घ्यावा, कारण ध्वनीचं सगळं साहित्य त्यात आधीच भरलेलं असतं आणि त्याच्या ऑडिओ कॉन्फिगरेशनमध्ये पुढे सांगितलेल्या काही गोष्टी माऊसनेही होतात. चार जीबी रॅमचा संगणक असेल तर एव्ही लिनक्स हलका पडतो. फेडोरा किंवा डेबियन आधीपासून वापरत असाल तर बदलू नका, तेच नीट बसवा. लिनक्सची अगदीच ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि ऑडॅसिटीचे धडे आहेत, त्यापासून सुरुवात करा.

घडी बसवताना

पुढे आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. एका वेळी एकच बदल करा, तपासा, वहीत लिहा, मग पुढचा करा. दहा बदल एकदम केले की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही.

सुरुवात परवानगीपासून. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला आपला प्रोग्राम सगळ्यांच्या पुढे नेण्याची मुभा नसते, आणि ध्वनीच्या प्रोग्रामला नेमकी तीच लागते. डेबियन आणि उबुंटूवर जॅकडी२ हे ध्वनीचं पॅकेज बसवताना 'रिअलटाइम प्राधान्य द्यायचं का' असा प्रश्न येतो. त्याला हो म्हणा आणि स्वतःला 'ऑडिओ' गटात घाला. आर्चवर त्यासाठी 'रिअलटाइम-प्रिव्हिलेजेस' नावाचं पॅकेज आहे आणि गट 'रिअलटाइम' आहे. नंतर लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही. 'यूलिमिट' आज्ञा 'आर' हा पर्याय लावून चालवली की डेबियन-उबुंटूवर ९५ दिसायला हवेत. शून्य दिसलं तर बाकीचं काही करण्यात अर्थ नाही, आधी हेच दुरुस्त करा.

दुसरं प्रोसेसरचं. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मधूनमधून हळू होतो आणि कामाचा गठ्ठा समोर आला की वेग घेतो. या वेग घेण्याच्या क्षणात एक्सरन होतो. डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' निवडा, किंवा 'सीपीयूपॉवर' आज्ञेने गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा. बऱ्याच संगणकांचा अर्धा त्रास एवढ्यानेच जातो.

तिसरं कर्नल. लिनक्सचा गाभा आपलं काम मध्येच सोडून ध्वनीच्या कामाला किती तत्परतेने वाट देतो, यावर सगळं अवलंबून असतं. पूर्वी त्यासाठी वेगळं ठिगळ लावलेलं कर्नल लागायचं. ते रिअलटाइमचं काम जवळपास वीस वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर चाललं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ते मुळातच आलं आहे. पण भजनाच्या रेकॉर्डिंगला पूर्ण रिअलटाइम कर्नल क्वचितच लागतं. संगणक सुरू करून देणाऱ्या 'ग्रब'च्या सेटिंगच्या फाइलमध्ये ज्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द असतात, तिथेच पुढे 'प्रीएम्प्ट=फुल' आणि 'थ्रेडआयआरक्यूज' हे दोन शब्द जोडा, 'अपडेट-ग्रब' चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. नेहमीच्या कर्नलकडूनच बहुतेकांना हवं ते मिळतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि कंपनीचा बंद ड्रायव्हर असेल तर रिअलटाइम कर्नलच्या वाटेला जाऊच नका, दोघांचं जमत नाही.

ग्रबच्या याच ओळीत 'मिटिगेशन्स=ऑफ' जोडण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. त्याने प्रोसेसरमधली सुरक्षेची तटबंदी उतरवली जाते. ज्या संगणकावर बँकेचं काम, मुलांचे फॉर्म, आधारची कागदपत्रं हाताळली जातात, त्यावर हे करू नका. मिळणारा फायदा त्या धोक्याच्या मानाने फार लहान आहे.

रॅम कमी असेल तर 'स्वॅपिनेस' हा आकडा ६० वरून १० वर आणा, म्हणजे संगणक डिस्ककडे कमी धाव घेईल. याहून मोठा चमत्कार त्यातून होत नाही.

आता ध्वनीची वाहतूक. पूर्वी एकीकडे पल्सऑडिओ आणि दुसरीकडे पॉल डेव्हिस यांचं जॅक अशी दोन घरं सांभाळावी लागत. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने ती एकत्र केली. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून पाइपवायर स्वीकारलं, आता जवळजवळ सगळीकडे तेच आहे. त्यात बफरला 'क्वांटम' म्हणतात आणि तो मुळात १०२४ असतो. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा' आज्ञेने 'क्लॉक.फोर्स-क्वांटम' २५६ करून बघा. तिथे संगणक तासभर शांत राहिला तरच १२८ वर जा. ६४ च्या मागे लागण्यात शहाणपण नाही. १२८ वर निर्धास्त चालणारा संगणक ६४ वर धापा टाकणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

आणि एकच प्रोग्राम वापरून फक्त रेकॉर्डिंग करायचं असेल, तर याहून सरळ रस्ता आहे. पॉल डेव्हिस यांचंच आर्डोर उघडा आणि सुरुवातीला विचारतं तेव्हा 'आल्सा' निवडा. आर्डोर इंटरफेसचा ताबा थेट घेतं, मधलं काही उरत नाही. तेवढा वेळ ब्राउझरचा आवाज बंद राहील, पण रेकॉर्डिंगच्या वेळी ते बरंच.

टक-टक कुठून येते हे शोधणं

इथे घाई करू नये. 'पीडब्ल्यू-टॉप' ही आज्ञा टर्मिनलमध्ये उघडून ठेवा. तिच्यात 'ईआरआर' नावाचा स्तंभ असतो, प्रत्येक एक्सरनला तो आकडा एकाने वाढतो. कान आणि तो आकडा एकाच वेळी बघा. समजा, लॅपटॉपवर १२८ च्या बफरला भजन सुरळीत चाललंय आणि मध्येच टक येते, आकडा एकाने वाढतो, पुन्हा बराच वेळ शांतता, मग पुन्हा टक. गाण्यात जड काही नाही, प्रोसेसर वीस टक्क्यांच्या वर नाही. अशी अधूनमधून पण नेमाने येणारी टक दिसली की वाय-फायवर संशय घ्यावा. जोडलेलं असतानाही वाय-फाय मधूनमधून आसपासची नेटवर्कं शोधत राहतं आणि काही लॅपटॉपमध्ये तेवढ्या क्षणाला बाकी सगळं थांबतं. वाय-फाय बंद करा आणि ईआरआरकडे पाच मिनिटं बघत बसा. आकडा जागचा हलला नाही तर चोर सापडला. हलला, तर वाय-फाय परत चालू न करता ब्लूटूथ, मग वेबकॅम, मग इंटरफेस यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत, असं एकेक करत जा. हबमधून इंटरफेस कधीच जोडू नका. डेस्कटॉपला मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत लावा.

सगळं करूनही काही संगणक ऐकत नाहीत. त्यांचं बायोसच मधूनमधून प्रोसेसरचा ताबा घेतं आणि लिनक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. 'सायक्लिकटेस्ट' चालवून 'मॅक्स'चा आकडा बघा. तो मायक्रोसेकंदांत असतो. शेकड्यांत असेल तर १२८ च्या बफरला पुरेसा वाव आहे. हजारांत जात असेल तर बायोसमध्ये 'सी-स्टेट्स' बंद करून बघा, नाहीतर तो संगणक मिक्सिंगला ठेवा आणि रेकॉर्डिंगला दुसरा घ्या. सरासरी इथे काही सांगत नाही. तासाभरातला सर्वांत वाईट क्षण कसा गेला, यावरच संगणक कामाचा की बिनकामाचा ते ठरतं.

विलंब नेमका किती हे मोजायचं असेल तर इंटरफेसच्या बाहेरच्या पहिल्या खाचेतून आतल्या पहिल्या खाचेत एक वायर लावा. हेडफोन काढून ठेवा, फँटम पॉवर बंद करा आणि 'जॅक_आयओडीले' चालवा. पूर्ण फेऱ्याचा आकडा समोर येतो. आर्डोरमध्ये आल्सा निवडलं असेल तर हेच मोजमाप सेटअपच्या खिडकीतून करता येतं आणि तो आकडा लक्षात ठेवून आर्डोर पुढचे ट्रॅक आपोआप जागेवर सरकवतं. ऑडॅसिटीत ही दुरुस्ती मुळात उणे १३० मिलिसेकंद अशी ठरवून दिलेली असते. तुमच्या इंटरफेसला ती जुळेलच असं नाही. पेटीच्या ट्रॅकवर खंजिरी घेतली आणि ती सतत मागे किंवा पुढे पडली, तर वाजवणाऱ्याला दोष देण्याआधी हा आकडा बघा.

प्लगइनही विलंब घालतात. लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर, आवाज साफ करणारी साधनं पुढचं ऐकून मग काम करतात, म्हणून ती थांबतात. रेकॉर्डिंगच्या वेळी ती काढून ठेवा, मिक्सिंगला लावा. मिक्सिंग करताना बफर परत १०२४ करा. तिथे कोणी वाजवत नसतं, मग संगणकाला विनाकारण पळवायचं कशाला?

ऊन आणि लाइन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि परफॉर्मन्स सेटिंग असूनही एक्सरन सुरू होतात. जानेवारीत सुरळीत चाललेला संगणक उन्हाळ्यात टक-टक करू लागला तर सेटिंग उकरू नका, पंखा उघडून बघा. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीत बसलेली असते. ती साफ करून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावून घ्या. रेकॉर्डिंग पहाटे ठेवलं तर संगणकही थंड असतो आणि रस्त्याचा आवाजही कमी.

लाइनचा प्रश्न वेगळा. अर्थिंग नसलेल्या खोलीत चार्जर लावला की हेडफोनमध्ये गुणगुण येते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ती आणखी वाढते. सगळ्यात स्वच्छ आवाज मिळतो तो चार्जर काढून, लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीच्याच विजेवर चालवून. मात्र बॅटरीवर गेला की लॅपटॉप कधीकधी गुपचूप पॉवर सेव्हरमध्ये जातो. म्हणून चार्जर काढल्यावर परफॉर्मन्स सेटिंग पुन्हा तपासा आणि मगच माइक उघडा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, कारण लाइन गेली तर चालू टेक हातचा जातो.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडची कोलामांची गाणी, पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरची लेंगी, जुन्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज यांना दुसरा टेक मिळेलच असं नाही. अशा माणसाला समोर बसवून बफरशी खेळत बसणं बरं नव्हे. ती बैठक असेल तेव्हा बफर १०२४ ठेवा, डायरेक्ट मॉनिटर वापरा, वाय-फाय बंद करा आणि शेजारी मोबाइलवरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा, आणि गाणं, गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख फाइलच्या नावातच लिहा. संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती काढा.

आणि संगणक एकदा नीट बसला की रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका. अपडेट करायचं ते काम संपल्यावर करा, आणि जुनं कर्नल ग्रबमध्ये ठेवूनच करा.